मेंढीची अंडी

सरांच्या थर्मासला एसटीत तिकीट लागत नसे, पण जागा मात्र लागायची. दौंडहून सकाळी सुटणाऱ्या शिरूर गाडीत सर खिडकीशी बसायचे, थर्मास मांडीवर उभा धरायचे आणि शेजारच्याला सांगायचे, "जरा सरकून बसा, यात जिवंत माल आहे." शेजारचा बहुतेक वेळा उठूनच जायचा. एकदा कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, साप-बिप न्हाई ना?"

"नाही हो. मेंढीची अंडी आहेत."

गाडी हसली. पाटसला उतरायला दारापाशी उभा असलेला एक म्हातारा मागं वळून म्हणाला, "सत्तर वर्सं मेंढरांत काढली. मेंढी अंडी कवा देती ते काय मी बगितलं न्हाई."

"देत नाही, आबा," सर अगदी गंभीरपणे म्हणाले. "पोटातच ठेवते. देत असती तर माझी पीएच.डी. केव्हाच झाली असती."

हे मला त्या कंडक्टरनंच सांगितलं. तोवर त्या रस्त्यावर सरांचं नाव 'अंडीवाले सर' असं पडून गेलेलं होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट. शिरूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते. बुद्धविहाराच्या मागच्या आळीत आमचं घर, आणि त्या आळीत एम.एस्सी. झालेली मी पहिलीच. त्यामुळे माझी नेमणूक पुढच्या वर्षी चालू राहते की नाही, याची काळजी एकट्या आमच्या घराला नव्हती, सगळ्या आळीला होती. नळावर बायका विचारायच्या, "पक्की झाली का गं?" सर आमचे विभागप्रमुख. नेमणुकीच्या कागदावर त्यांचा शेरा लागायचा.

पंचावन्नच्या आसपासचा माणूस. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात नर्स, म्हणून बिऱ्हाड दौंडला आणि नोकरी शिरूरला. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे ते दौंडच्या एका खाटकाकडे जायचे. त्याला सगळे चाचा म्हणत. चाचा कापलेल्या मेंढ्यांची अंडाशयं काढून ठेवायचा, सर ती कोमट सलाईनच्या पाण्यात थर्मासमध्ये घालायचे आणि दोन तासांचा प्रवास करून शिरूरला आणायचे. एकेक अंडाशय वाटाण्यापेक्षा थोडं मोठं. त्यातून सुईनं खेचून काढलेली अंडी इतकी बारीक, की डोळ्याला नुसता रव्याचा कण वाटावा. मेंढीच्या अंगातली ऊब एकोणचाळीस अंश. थर्मास त्याच्या खाली गेला की सरांचा चेहरा पडायचा. न्हावऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली की ते झाकण किलकिलं करून थर्मामीटर आत घालायचे. एकदा छत्तीस दिसलं, तर उतरून हॉटेलवाल्याकडून गरम पाणी आणलं आणि गाडी पाच मिनिटं थांबवून ठेवली. अंडीवाले सर म्हणजे थोडं थांबायचं, हे ड्रायव्हरलाही ठाऊक झालं होतं.

सर भित्रे नव्हते, काळजीखोर होते. वर्गाचं कुलूप तीनदा ओढून बघायचे. स्टँडपर्यंत गेलेले परत यायचे, कारण इनक्युबेटरचं बटण चालू असल्याचं आठवत होतं, पण दिसत नव्हतं. "आठवणं आणि दिसणं यात फरक आहे, मॅडम," असं म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी पहिल्या दिवसापासून मला मॅडमच म्हणत. फळ्यावर आकृती काढताना एका विद्यार्थ्याला शेजारी उभं करायचे. त्याचं काम एकच, सर चुकले की हात वर करायचा. वर्षभरात तीन-चारदा हात वर व्हायचा, आणि तेव्हा सर खडू खाली ठेवून त्या पोराला आधी "थँक यू" म्हणायचे.

एका रविवारी त्यांनी मला दौंडला जेवायला बोलावलं. बाई भाकरी थापत होत्या, सर आमटीपाशी. मीठ टाकताना ते मोठ्यानं ओरडले, "घातलं!" बाहेर ताटं मांडायला गेलेल्या बाई म्हणाल्या, "मी न्हाई पाहिलं." मग सर चमचा हातात धरून उभेच राहिले. बाई आत आल्या, आमटी चाखली, "पाहिलं" म्हणाल्या, तेव्हा पुढचं काम सुरू झालं. मला वाटलं, माझ्यासाठी गंमत चाललीय. बाई म्हणाल्या, "रोजचंच हाय. लग्नात सप्तपदीलासुद्धा मागं वळून विचारलं होतं, मोजतंय का कोणी."

प्रयोगशाळेतल्या वहीतही तेच दोन रकाने होते. 'घातलं' आणि 'पाहिलं'. करणारा एक, बघणारा दुसरा. बघणारा बहुधा मी असायची, मी नसले तर लॅब अटेंडंट मामा. मामा फौजेतून परत आलेले, मिशा पांढऱ्या. त्यांना त्या अंड्यांतलं काही कळत नव्हतं, पण थेंब मोजता येत होते.

या सगळ्याच्या मागं सरांची आई होती, हे मला फार उशिरा कळलं. केंदूरचं घर. आजोबांच्या पिढीपर्यंत मेंढरं राखलेली, मग विहीर झाली आणि शेतीवर स्थिरावलेले. सर कॉलेजात असताना आईच्या छातीत गाठ निघाली. तिनं ती वर्षभर कुणाला सांगितली नाही. डॉक्टरांनी सरांना कागदावर गोल काढून दाखवलं होतं की कधी थांबायचं हे पेशीला कळेनासं झालं की ती वाढतच जाते. आई गेली, पण तो प्रश्न सरांच्या डोक्यात राहिला. पेशीला थांबायचं कळतं कसं? कोण सांगतं तिला?

"आपल्याला वाटतं वाढणं म्हणजे काम," ते वर्गात सांगायचे, "पण थांबणं हे जास्त मोठं काम आहे." मग मेंढीच्या अंड्याकडे यायचे. मेंढी जन्मायच्या आधीच, ती तिच्या आईच्या पोटात असतानाच, तिची अंडी विभाजनाला सुरुवात करतात आणि मध्येच थांबतात. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं थांबून राहतात. वेळ आली की पुन्हा पुढं सरकतात. ही वेळ कशी ठरते? तर दोन प्रथिनांच्या भेटीनं. एक प्रथिन पेशीत कायम असतं, पण एकटं काही करू शकत नाही. सर त्याला 'घरचा' म्हणायचे. दुसरं नव्यानं तयार होतं, हळूहळू वाढतं आणि काम झालं की मोडून टाकलं जातं. तो 'पाहुणा'. घरचा आणि पाहुणा एकमेकांना धरतात, पण तेवढ्यावरही भागत नाही. आणखी काही प्रथिनं त्या जोडीला अडवून धरतात, सगळी तयारी झाल्याशिवाय सोडत नाहीत. सोडलं की केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि विभाजन सुरू होतं. पाहुणा मोडला की ते संपतं. "माणसाच्या, उंदराच्या, मेंढीच्या, सगळ्यांच्या पेशीत हेच," सर सांगायचे. "आणि ही अडवणारी माणसं घरातून निघून गेली की काय होतं, ते मी बघितलंय." एवढं बोलून ते पान उलटायचे.

त्यांचा प्रयोग साधा होता. एका बशीत नुसती अंडी. दुसऱ्या बशीत अंडी आणि एक औषध, जे पेशीला नवीन प्रथिन बनवूच देत नाही. म्हणजे पाहुणा तयार होत नाही. दोन्ही बशा एका जाड काचेच्या बरणीत ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं. मेणबत्ती विझेपर्यंत आतल्या हवेत हवा तेवढा बदल होतो. महागडं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मग बरणी इनक्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी अंड्यांना रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. साध्या बशीतली अंडी पुढं गेलेली असायची, औषधाच्या बशीतली थांबलेली. परदेशात हे आधीच कोणीतरी दाखवलेलं होतं. सर ते आपल्या दख्खनी मेंढीत दाखवत होते, सहा वर्षं, सुट्ट्या घालवून.

त्या शुक्रवारी अंडी भरपूर मिळाली होती. सरांना दुपारी पुण्याला पीएच.डी.च्या गाइडकडे जायचं होतं. त्यांनी स्वतः अंडी वेचून दोन बशांत घातली आणि मला सांगितलं, "बरोबर बाराला दुसऱ्या बशीत औषधाचे दोन थेंब. मामांना समोर उभं करा." मी हो म्हटलं. मामा तेव्हा परीक्षेची बाकं लावायला गेले होते. बारा वाजले. मी ड्रॉपर बाटलीत बुडवला, आणि दारात शिपाई. "मॅडम, प्राचार्यांनी बोलावलंय. आत्ताच."

नेमणुकीचंच असणार. मी गेले. प्राचार्य म्हणाले, "पुढच्या वर्षी तास कमी आहेत. सरांचा शेरा काय येतो बघू, मग ठरवू." बस्स, एवढंच. मी परत आले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. ड्रॉपर टेबलावर आडवा पडला होता, टोक ओलं. बाटलीचं बूच उघडं. मी थेंब घातले होते की नाही?

मला आठवेना. हात बशीकडे नेल्याचं आठवत होतं, थेंब पडताना आठवत नव्हते. आता पुन्हा घातले आणि आधी घातलेले असले तर मात्रा दुप्पट. दोन्ही बशा फेकून द्यायला हव्या होत्या. पण सहा मेंढ्यांची अंडी होती ती, आणि सरांना काय सांगणार? प्राचार्यांनी बोलावलं म्हणून विसरले? शेरा अजून लिहायचा होता. मी स्वतःला समजावलं की टोक ओलं आहे म्हणजे घातलेच असणार. वहीत 'घातलं'समोर खूण केली. मग 'पाहिलं'समोरही केली.

शनिवारी सरांनी रंग दिला, डोळा लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग म्हणाले, "मॅडम, बघा."

दोन्ही बशांतली अंडी पुढं गेलेली होती.

सरांनी वही ओढली, खुणा बघितल्या. "पाहिलं कोणी?"

"मामांनी."

शब्द तोंडातून निघून गेला तेव्हा मला कळलं की मी बोलले. मामा नळाशी बशा धूत होते. ते वळले, माझ्याकडं एक नजर टाकली आणि म्हणाले, "व्हय सर, माझ्यापुढंच घातलं की. दोन थेंब."

सर खुर्चीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "उंदरासारखी," ते पुटपुटले. "आपली मेंढी उंदरासारखी वागतीय, मॅडम." उंदराच्या अंड्यात पाहुणा आधीच थोडा साठवलेला असतो, नवीन बनू दिला नाही तरी अंडं पुढं जातं. मेंढीत तसं नसतं, असं जग मानत होतं. आणि इथं शिरूरला, मेणबत्तीच्या बरणीत, दख्खनी मेंढी वेगळं काही सांगत होती. जिन्यावरून कधी घाई न करणारा तो माणूस दोन-दोन पायऱ्या उतरत एसटीडी बूथवर गेला. येताना जिलेबी घेऊन आला.

संध्याकाळी मामा मला म्हणाले, "पोरी, तुझ्या पोटापाण्याचं हाय. दोन थेंबानं काय जग बुडतंय व्हय?"

पुढचे पाच आठवडे मी नीट जेवले नाही. सरांच्या गाइडनी त्यांना विद्यापीठात हे निष्कर्ष मांडायला सांगितलं होतं, दोन महिन्यांनी. सर स्टाफरूममध्ये, एसटीत, चहाच्या टपरीवर हेच बोलत. त्यांनी एक उपपत्तीही बसवली होती. आपली मेंढी दुष्काळात वाढलेली. पाहुणा ऐनवेळी मिळेल न मिळेल, म्हणून तिनं घरातच साठवून ठेवला. "आमच्या आज्याच्या मेंढरांना हे कळत होतं, आन् आपल्याला न्हाई," असं आनंदात ते गावच्या बोलीत बोलून जायचे. मी मान हलवायची आणि घरी जाऊन पांघरूण घेऊन पडायची. आई विचारायची, "बरं न्हाई का?" मी म्हणायची, परीक्षेचे पेपर आहेत.

आणि मग सरांनी प्रयोग पुन्हा केला. औषधाच्या बशीतली अंडी थांबली. पुन्हा केला. थांबली. पाच वेळा केला, पाचही वेळा थांबली.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, पहिल्यांदा काहीतरी चुकलं. सरांच्या वहीत मात्र दोन्ही खुणा होत्या, आणि दोन खुणांवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. म्हणून त्यांनी चूक दुसरीकडे शोधली. औषध बदललं. पाणी तीनदा गाळलं. स्वतःचे डोळे तपासून आणले, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. त्यांचा शर्ट ढगळ दिसायला लागला. वर्गात एक दिवस आकृती काढता काढता त्यांना पुढचं आठवेना, आणि शेजारी उभ्या मुलीनं हात वर केला तर ते तिच्याकडे बघतच राहिले. मला म्हणाले, "निसर्गानं एकदा दार उघडून दाखवलं, मॅडम. मला परत ते दार सापडत नाही. माझ्यात काहीतरी खोट आहे."

सांगायला मी कितीदा तोंड उघडलं. प्रत्येक वेळी मला तो कागद दिसायचा, शेऱ्याची मोकळी जागा. आणि मामा. मी बोलले तर मामाही खोटे ठरणार होते.

मग सरांच्या डोक्यात आलं की त्या शुक्रवारच्या मेंढ्याच वेगळ्या असतील. चाचाला विचारलं. चाचानं आठवून सांगितलं, "न्हावरे की बुढिया का माल था, मास्टर. बूढ़ी मादी थी सब." सर न्हावऱ्याला गेले, ती म्हातारी शोधून काढली. म्हाताऱ्या मेंढ्या संपल्या होत्या, म्हणून तिच्या कळपातल्या पाच तरुण मेंढ्या घेऊन चाचाकडे न्यायच्या, असं ठरवूनच परत आले. "त्याच रक्ताच्या," मला म्हणाले. "उद्या माझ्याबरोबर चला. कुठली मेंढी कुठली, ते लिहून घ्यायला कोणीतरी हवं."

कांदा काढलेल्या रानात, खतासाठी, तिनं मेंढ्या बसवल्या होत्या. भोवती जाळीचं कुंपण. म्हातारी काठीला टेकून उभी होती, कपाळावर मोठं गोंदण. सरांना बघून म्हणाली, "आलास व्हय केंदूरकर. मी रातभर इचार केला. म्हाताऱ्या दिल्या त्याचं काय न्हाई. ह्या तरण्या हायत. अजून चार-पाच येतं व्हत्याल, कोकरं देत्याल."

"माहीत आहे, आजी. पण त्याशिवाय होणार नाही."

"आपल्यातला हायस म्हणून. दुसऱ्या कुणाला न्हाई दिली." ती आत शिरली आणि एकेकीच्या पोटाखाली हात घालून बघायला लागली. "गाभण न्यायची न्हाई. ही न्हाई वाटत. ही... हिचं अजून कळत न्हाई. हिच्या आईला मी बाटलीनं दूध पाजलंय." तिनं एका काळ्या तोंडाच्या मेंढीला पुढं ढकललं. सरांनी तिचा कान धरला आणि मला म्हणाले, "लिहा. एक."

मी पेन उघडलं. आकडा काढला नाही, पेन परत मिटलं.

"सर, ही नका नेऊ."

"काय?"

"त्या शुक्रवारी मी औषध घातलं का, मला माहीत नाही."

सरांनी मेंढीचा कान सोडला नाही. "परत सांगा."

मी सांगितलं. शिपाई आला, मी गेले, परत आले, टोक ओलं होतं. खूण मीच केली, दोन्ही. "पाहिलं कोणीच नाही. मामा माझ्यासाठी खोटं बोलले."

म्हातारी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. जाळीपलीकडं एक कोकरू ओरडत होतं. सर म्हणाले, "म्हंजी मेंढीचं काय न्हाई तर. मेंढी मेंढीसारखीच हाय." मग त्यांनी कान सोडला. ती काळ्या तोंडाची उडी मारून कळपात शिरली आणि क्षणात कुठली ती ओळखू येईना.

"आजी, राहू द्या तुमची मेंढरं. चूक आमच्याकडची हाय."

"मंग बरंच झालं," म्हातारी म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो सुटकेचा श्वास होता, तो मी आजही ऐकू शकते. "बसा. च्या करती."

सर दगडावर बसले. चहा त्यांनी थर्मामीटर न लावता प्यायला, आणि जीभ भाजून घेतली. परतीच्या गाडीत ते ड्रायव्हरमागच्या सीटवर बसले. मी मागं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन त्यांनी व्याख्यान रद्द केलं. गाइडना माझं नाव सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की वहीतली नोंद खरी नव्हती. मामांनी जाऊन माफी मागितली, तेव्हा मी दाराआड उभी होते. सर म्हणाले, "मामा, तुम्ही थेंब न्हाई बघितले. पोरीचं तोंड बघितलं. तुम्हाला मी काय बोलणार?" माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलणं. प्रत्येक मंगळवारी, शुक्रवारी मी येत होते, बशा धुवत होते, खुणा करत होते, आणि आज सांगतील, उद्या सांगतील, की येऊ नका, याची वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सत्राच्या शेवटी प्राचार्यांनी बोलावलं. शेरा आला होता. त्यांनी तो चष्मा वर करून मोठ्यानं वाचला, कारण त्यांना तो समजला नव्हता. "'काम चांगले. एक चूक लपवली. नंतर स्वतः सांगितली. यांना प्रयोगशाळेत एकटे ठेवू नये. कोणालाच ठेवू नये. नेमणूक चालू ठेवावी.' हे काय आहे, मॅडम?"

"खरं आहे, सर," मी म्हटलं.

नेमणूक चालू राहिली. पुढं मला दुसऱ्या तालुक्यात पक्की जागा मिळाली. सरांचा प्रबंध त्या शेऱ्यानंतर दोन वर्षांनी झाला, त्यांच्या निवृत्तीला काही महिने राहिले असताना. पुण्यातल्या त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत माझ्याबरोबर बाई होत्या, मामा होते, आणि इस्त्रीच्या पांढऱ्या कुर्त्यात चाचा, हाताची घडी घालून, आपलाच निकाल लागणार असल्यासारखा. बाहेरगावचे परीक्षक तरुण होते, हुशार. पानं उलटून म्हणाले, "नवीन प्रथिन बनल्याशिवाय मेंढीचं अंडं पुढं जात नाही, हे तर कधीच माहीत आहे. यात तुमचं नवीन काय?"

सरांनी समोरची प्रबंधाची प्रत मिटली. मला वाटलं, आता माझं नाव येणार.

"नवीन काही नाही," सर म्हणाले. "मधे पाच आठवडे मला वाटलं होतं, नवीन आहे. तेव्हा मी फार आनंदात होतो, आणि फार चुकीचा होतो. आता जे आहे ते जुनंच आहे, पण ते इथल्या मेंढीत आहे, आणि तीनशे पानांतली प्रत्येक ओळ दोन माणसांनी बघितलेली आहे."

परीक्षक हसले, आणि त्यांनी सही केली.

बाहेर व्हरांड्यात सगळे चाचाभोवती जमले होते. तो पेढे वाटत होता. सर एका खांबाशी एकटे उभे होते. मी गेले. दोन वर्षं जे विचारायचं होतं, ते विचारलं.

"सर, तुम्ही मला माफ केलंत का?"

त्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना.

"त्याचा मी विचारच केला नाही, मॅडम," ते म्हणाले. "मी विचार करायचो तो दुसराच. त्या पाच आठवड्यांत मला तरी मोठी आशा होती. बायको होती बोलायला, गाइड होते, गाडीतली माणसं होती. तुम्ही ते सगळे दिवस एकटीनं कसे काढलेत?"

सर थांबले. त्यांना घाई नव्हती. दौंडची गाडी सुटायला अजून वेळ होता.